वल्ह्याची जागा

आमच्या फुटबॉल क्लबचा इतिहास मी आजवर दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा त्यातली एक गोष्ट जाणूनबुजून खोटी लिहिली. ती खोटी आहे हे ठाऊक असलेली माणसं दोनच. त्यातला एक मी. दुसरा चौदा वर्षांपूर्वी गेला. खरं सांगायचं मी टाळत राहिलो, आणि टाळायला कारणं कधी कमी पडली नाहीत. आधी नोकरी होती, मग मुलीचं शिक्षण, मग बायकोचं आजारपण, मग माझे गुडघे. आता मी एकोणऐंशीचा आहे. गुडघे आहेत तसेच आहेत, पण कारणं संपली.

यंदा क्लबची पुन्हा स्मरणिका निघते आहे. क्लबच्या मुलींच्या संघाला शिकवणाऱ्या पोरीचा मला दिवाळीनंतर फोन आला.

"काका, इतिहास तुम्हीच लिहायचा हां. आणि आमच्या आजोबांचा तो वल्ह्याचा किस्सा टाका. एकदम झकास आहे तो. नवीन पोरींना माहीतच नाय."

मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. किस्सा झकास आहेच. तो मी रचलेला आहे.

बोरिवलीच्या जेट्टीवरून होडीनं खाडी ओलांडली की पलीकडे कोळीवाडा लागतो आणि कोळीवाड्यामागे समुद्र. मी तिथला नव्हे. आम्ही मालवणकडचे; वडील गिरणीत होते, पुढे आम्ही दहिसरला चाळीत राहायला आलो. मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो. कामगारांची कार्डं, भोंगा, लेट मार्क हे माझं काम. आमच्या कारखान्यात या कोळीवाड्यातला एक फिटर होता. तो एका रविवारी मला म्हणाला, "चल ना यार, आमची मॅच बघायला. आमचं मैदान तू जन्मात बघितलं नसशील."

मी गेलो. होडीतून उतरून वाडीतनं चालत किनाऱ्यावर पोचलो तर समोर नुसता समुद्र.

"मैदान कुठंय?"

"येतंय," तो म्हणाला.

आणि खरोखर ते आलं. आम्ही बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या वलांडीखाली बसून चहा पीत होतो आणि समुद्र मागे सरत होता. आधी एक ओली पट्टी दिसली, मग ती रुंदावली, मग लांबच लांब, टणक, करड्या वाळूचा सपाट पाट उघडा पडला. त्यावर आभाळ जसंच्या तसं उतरलं होतं. पोरं त्या आभाळावरून धावत गेली आणि चेंडू लाथाडू लागली. मी तोवर हुतूतू आणि क्रिकेट खेळलो होतो, ते धुळीत. दिवसातून दोनदा जन्मणारं आणि दोनदा बुडणारं मैदान मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि आज इतक्या वर्षांनी सांगतो, त्या दृश्याला मी अजून सरावलेलो नाही.

क्लब कसा सुरू झाला तेही त्या मैदानाला साजेसंच. कोणा साहेबानं काढला नाही की शाळेनं काढला नाही. मी यायच्या कितीतरी आधी, एका वर्षी डोलीच्या, म्हणजे समुद्रात खुंटांना बांधलेल्या जाळ्यात, बोंबील आणि जवळ्याबरोबर, एक चामड्याचा फुटबॉल आला. कुठल्या तरी जहाजावरून पडला असावा. जाळ्यात आलेलं परत समुद्रात टाकत नाहीत, म्हणून तो घरी आणला. पाणी काढून, वाळवून, शिवून त्याच्यात हवा भरली. अकरा जण जमले. पुढे गोलाला जाळी हवी म्हटल्यावर कोणाला विकत आणायचं सुचलंही नाही, वाडीत फाटक्या जाळ्यांना काय तोटा. खांब म्हणून बांबू. लागलं ते सगळं घरचंच.

नव्हतं ते फक्त लिहिणारं माणूस. मी खेळायला अगदीच सामान्य, पण अक्षर चांगलं, म्हणून मी तिथं जायला लागल्याच्या दुसऱ्याच वर्षी मला चिटणीस केलं. फिटर मित्र कप्तान होता. आणि आम्हा सगळ्यांच्या वर, कुठल्याही पदावर नसलेला एक माणूस होता. त्याला सगळे तांडेल म्हणत.

तांडेल म्हणजे नाखवा, होडीचा प्रमुख. तेव्हा त्याची साठी आली असेल. ठेंगणा, काळाभोर, कमरेला रुमाल, डोक्यावर लाल टोपी. तो कधी चेंडूला शिवला नाही. पण तो नसेल तर सामना होत नसे, कारण मैदान आखायचं तोच. आधीच्या रेघा समुद्रानं पुसलेल्या असायच्या, दर वेळी नव्यानं आखायच्या. तो एक जुनं वल्हं घेऊन यायचा आणि त्याचं टोक वाळूत रुतवून चालायला लागायचा. दोरी नाही, फीत नाही. मान वर, नजर किनाऱ्यावर. वाडीतलं एक ताडाचं झाड आणि त्याच्या मागच्या टेकडीवरचा खडक एकावर एक आले की तो वळायचा. भर समुद्रात आपल्या जाळ्याचे खुंट असेच शोधायचे असतात, हे मला नंतर कळलं. एकदा मी कारखान्यातून फीत आणून मुद्दाम मोजलं. शंभर यार्डांच्या रेघेत वीतभर फरक नव्हता. मी त्याला तसं सांगितलं तर त्याला त्यात कौतुक वाटण्यासारखं काही दिसेना. म्हणाला, "मग? वाकडी मारायची होती?"

मैदान आखून झालं की तो तेच वल्हं समुद्राच्या बाजूला, बाजूरेषेपासून बरंच पुढे, वाळूत उभं रोवायचा. बुडाशी तीन दगड ठेवायचा, हलू नये म्हणून. हे आमचं घड्याळ. पंच कोणीही असो, नियम एकच: वल्ह्याला पाणी लागलं की शिट्टी. खेळ संपला. बाहेरच्या संघांना आधी हसू यायचं, मग ते गप्प व्हायचे, कारण दुसरा अर्धा संपायला आणि पहिली लाट वल्ह्याला चाटून जायला एकच गाठ पडायची. माझ्या मनगटावर कारखान्याच्या भोंग्याशी जुळवलेलं घड्याळ होतं. वल्हं मिनिट-दीड मिनिटापेक्षा जास्त चुकलेलं मी कधी पाहिलं नाही.

"कसं कळतं हो तुम्हाला?" मी विचारलं होतं.

"तितीची पाऊनपट कर," तो म्हणाला. म्हणजे चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, तेव्हा भरती तीनला. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ. हे किनाऱ्यावरच्या लहान पोरालाही येतं. मी वहीत लिहून घेतलं आणि मला वाटलं, आलं आपल्याला. तो माझ्या वहीकडे बघून हसला.

"टायमकीपर, ता पानी कवा येतंय त्याचा. कुठना येतंय ता कोन सांगंल?"

मी त्या प्रश्नाकडे लक्ष दिलं नाही.

आता त्या दिवसाकडे येतो. चव्वेचाळीस वर्षं झाली. उपनगरातल्या क्लबांची एक स्पर्धा होती आणि तिची उपांत्य फेरी आमच्या मैदानावर होती. समोर ट्रॉम्बेकडून आलेला एक तयारीचा संघ. आम्ही त्या फेरीत पहिल्यांदाच पोचलो होतो. द्वादशी होती. तीनला पूर्ण ओहोटी, तीन दहाला सामना सुरू करायचा, साडेचारला वल्ह्याला पाणी. तांडेलनं तसं सकाळीच सांगितलं होतं.

मी एक पाहुणे बोलावले होते, भागातले पुढारी. त्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या, मैदानाच्या मागच्या बाजूला, जमिनीकडे. पाहुण्यांची होडी पंचवीस मिनिटं उशिरा आली. तांडेल दोनदा येऊन म्हणाला, "चालू कर. पानी कुनाची वाट नाय बगत." मी म्हटलं, "हार तरी घालू द्या." हार घातला, भाषण झालं, तीन पंचवीसला शिट्टी वाजली.

पहिल्या अर्ध्यात आमच्यावर एक गोल झाला. चारला विश्रांती. मी घड्याळ बघितलं आणि हिशेब केला. दुसरा अर्धा सुरू व्हायला चार दहा, तो पुरा पस्तीस मिनिटं चालला तर पावणेपाच. आणि वल्हं साडेचारला भिजणार. आमची पंधरा मिनिटं पाणी खाणार होतं. ती पंधरा मिनिटं मी हारतुऱ्यांत घालवली होती.

सगळे सरबताच्या बादलीभोवती जमले होते. पाहुणे कप्तानाच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेत होते. मी समुद्राकडे चालत गेलो, लघवीला जातात तसा. वल्हं उपटलं. वीसेक पावलं अलीकडे आणून बाजूरेषेच्या जवळ पुन्हा रोवलं. एक मिनिटही लागलं नसेल. दगड तिथंच राहिले. ते उचलायचे असतात हे मला त्या घाईत सुचलं नाही.

परत वळलो तर तांडेल सरबताच्या पेल्याआडून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं तो ओरडेल. त्यानं पेला खाली ठेवला, आणि पंचानं शिट्टी फुंकली.

साडेचार होऊन गेले. वल्हं कोरडं. चार अडतीसला आमच्या कप्तानानं गोल मारला. बरोबरी. मी उड्या मारल्या, हे मला कबूल केलं पाहिजे. आणि त्याच क्षणी मागून बायका ओरडल्या, "पानी! अरं मागना पानी आयलं!"

मला वाटत होतं समुद्र समोरून येतो. तो तसा येत नाही. आमचा पाट म्हणजे मधोमध उंच आणि दोन्हीकडे उतरता. त्याच्या मागे, जमिनीच्या बाजूला, एक सखल चर होती, ओहोटीला कोरडी दिसणारी. भरती ठरावीक उंचीला पोचली की पाणी दक्षिणेच्या टोकाला वळसा घालून त्या चरीत शिरतं आणि मागून येतं. तांडेलचं वल्हं जिथं असायचं तिथं पाणी लागलं की चर भरायला दहा मिनिटं उरायची, म्हणजे माणसांनी निवांत पायी घरी जायला पुरेशी. ते वल्हं खेळाची वेळ सांगत नव्हतंच. ते घरी जायची वेळ सांगत होतं.

खुर्च्या कलंडल्या. पाहुण्यांनी बूट काढून ठेवले होते, ते शांतपणे दक्षिणेकडे निघाले. म्हाताऱ्या बायकांना गुडघाभर पाण्यातून हात धरून न्यावं लागलं. कोणाला काही झालं नाही, हे केवळ नशीब. चेंडू एका कोपऱ्यात तरंगत होता आणि आमचा एक बचावपटू त्याला अजूनही लाथ मारत होता.

पाहुण्या संघाचा व्यवस्थापक वल्ह्यापाशी धावला आणि त्यानं ते पंचाला दाखवलं. "हे बघा! हे कोरडं आणि मैदानात पाणी! हलवलंय हे कोणी तरी. चीटिंग आहे ही! हिकडे नव्हतं हे, आणखी पुढे होतं. मी बघितलंय!" आणि तो वल्ह्याच्या पुढे, घोटाभर पाण्यातून, खाली बघत चालू लागला. तो काय शोधतोय ते मला कळलं. पाणी अजून नितळ होतं. दगड दिसले असते.

तांडेल त्याच्या पुढे गेला. धावला नाही, नेहमीच्या चालीनं गेला. एका जागी थांबला आणि समुद्राकडे पाठ करून उभा राहिला. त्याच्या पायाखाली काय आहे ते तिथल्या माणसांपैकी फक्त मला माहीत होतं. दगडांवर उभा असल्यानं तो नेहमीपेक्षा जरा उंच दिसत होता.

"कुनी नाय हलवलं," तो पंचाला म्हणाला. "मीच लावला. माजा चुकला."

"काय चुकलं?"

"पानी चुकला माजा. म्हातारा झालो."

मी तिथून पंधरा पावलांवर होतो. तोंड उघडलं असतं तर ऐकू गेलं असतं. तांडेल माझ्याकडे बघतही नव्हता. लाट येऊन त्याच्या पोटऱ्यांवर आपटत होती आणि तो हलला नाही, तो व्यवस्थापक वैतागून परत फिरेपर्यंत हलला नाही. समुद्रावर जन्म काढलेल्या माणसानं पन्नास माणसांसमोर सांगितलं की मला पाणी कळलं नाही. मी पुढे खूप देवळं पाहिली, हिमालय पाहिला. माणूस इतका मोठा उभा राहिलेला पुन्हा पाहिला नाही.

तसं त्यानं का केलं ते नंतर नियम वाचताना माझ्या लक्षात आलं. मैदानात मुद्दाम फेरफार केला तर क्लब स्पर्धेतून कायमचा बाद. चूक झाली तर सामना पुन्हा. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं, नियम माहीत असायचं कारण नव्हतं. त्यानं फक्त तेवढं ताडलं असावं.

सामना पुढच्या रविवारी अंधेरीच्या एका मैदानावर झाला. आम्ही जिंकलो. अंतिम सामनाही जिंकलो. तो चषक क्लबच्या खोलीत काचेच्या कपाटात आहे.

त्या दिवशी पाण्यातून बाहेर येताना तांडेल माझ्या शेजारून चालत होता. मी म्हटलं, "तांडेलबाबा..." त्यानं वल्हं खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, "फुडल्या टायमाला खुर्च्या वर मांड." एवढंच.

पुढे मैदान तो आखत राहिला, पण वल्हं त्यानं पुन्हा रोवलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "टायमकीपर हाय ना, घडाल बगल." माझ्या घड्याळावर आमचे सामने सुरू झाले आणि मी भीतीपोटी ते वीस-वीस मिनिटं आधी संपवू लागलो.

पण मी मोडलं ते फक्त वल्हं नव्हे. डोलीचं जाळं खुंटांना बांधून ठेवतात आणि पाण्याची ओढ फिरायच्या आत ते ओढून घ्यावं लागतं. वेळ चुकली तर मासळी जाते, जाळं फाटतं. वाडीतली तरणी पोरं होडी काढण्याआधी तांडेलच्या ओट्यावर थांबून विचारत असत, आणि तो एक शब्द बोलायचा, आणि त्या शब्दावर होड्या निघायच्या. त्याची सारी कमाई म्हणजे तो शब्द. त्या सामन्यानंतर ओट्यावर थांबणारे हळूहळू कमी झाले. कोणी मुद्दाम अपमान केला असं नाही. पण वाडीत कोणाचं काही बिनसलं, भाकरी करपली, लग्नाची वरात उशिरा पोचली, की लोक म्हणू लागले, "काय रं, वल्हं चुकला काय?" ते बोलणं इतकं रुळलं की पुढच्या पिढीला त्याचा उगमही आठवेना.

एका शनिवारी बोरिवलीच्या बाजारात मी बोंबील घ्यायला थांबलो होतो. तांडेलची बायको तिथं बसायची. शेजारच्या कोळणीशी तिचं गिऱ्हाइकावरून वाजलं.

"माझा वाटा बघून बोल! ताजा हाय सकालचा."

"सकालचा म्हने! तुझ्या नवऱ्याला सकाल कुठली नि सांज कुठली ता तरी समजतं काय? वल्हं लावतंय हिकडं, पानी येतंय तिकडं!"

आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. तांडेलची बायको तोंडाची फटकळ, कोणाचं ऐकून घेणारी नव्हे. पण ती पाटीतल्या बोंबलांवर पाणी मारत राहिली. मग वर बघून मला म्हणाली, "काय रं चिटनीस, किती देव?"

मी बोंबील घेतले. घरी येऊन ते खाल्लेही.

त्यानंतर चारेक वर्षांनी क्लबला पंचवीस वर्षं झाली आणि पहिली स्मरणिका निघाली. मी लिहिलं, "एका ज्येष्ठ सभासदाच्या भरतीविषयक अंदाजात चूक झाल्याने सामना अपूर्ण राहिला." चिटणिसाची भाषा. पन्नाशीच्या स्मरणिकेत तर 'गमतीजमती' म्हणून चौकट होती आणि तिथं मी तो किस्सा रंगवून घातला: तरंगणारे बूट, पाण्यात लाथा मारणारा बचावपटू, आणि शेवटी डोकं खाजवत "म्हातारा झालो" म्हणणारा तांडेल. डोकं खाजवल्याचं मी पदरचं घातलं. लोकांना ती चौकट फार आवडली. असं वारंवार सांगत गेलं की आपल्यालाही ते अर्धंमुर्धं खरं वाटायला लागतं, आणि तेवढ्यापुरती झोप लागते.

गेल्या वर्षी मी मुलीकडे आयर्लंडला गेलो होतो. ती तिथं एका लहान गावात नर्स आहे. एक रस्ता, एक चर्च, छोटं बंदर, आणि एक फुटबॉल क्लब. गाव एवढंसं की आपल्या दहिसरच्या दोन इमारतींत मावेल. मुलगी कामाला गेली की मी क्लबच्या मैदानाशी जाऊन बसायचो. तिथला एक म्हातारा, माझ्याच वयाचा, गवत कापायचा, खोलीची किल्ली त्याच्याकडे असायची. त्याला माझं इंग्रजी कळायचं नाही, मला त्याचं. पण मीही क्लबचा चिटणीस होतो हे समजल्यावर त्यानं मला आत नेलं आणि क्लबच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक पुढे ठेवलं.

कोणी पहिला गोल मारला, कोणाची आई साठ वर्षं शर्ट धूत होती, कोणाच्या कुत्र्यानं चेंडू फोडला, सगळं होतं त्यात. मला हेवा वाटला. शेवटी एक पान वेगळं चिकटवलेलं होतं. संध्याकाळी मुलगी आली तेव्हा तिला ते वाचायला लावलं. आधीच्या आवृत्तीत लिहिलं होतं की त्यांचा गोलरक्षक एका मोठ्या सामन्याच्या दिवशी दारू पिऊन बस चुकला, म्हणून ते हरले. तसं नव्हतं. शेजारणीला कळा सुरू झाल्या म्हणून तो सायकलवरून डॉक्टर आणायला गेला होता, आणि त्या बाईच्या इच्छेखातर त्यानं ते जन्मभर कोणाला सांगितलं नाही. कळल्यावर क्लबनं ते पान छापलं, आणि सामन्याआधी, दोन्ही संघ मैदानात उभे असताना, माफी मोठ्यानं वाचून दाखवली. गोलरक्षक तेव्हा जिवंत होता. कुंपणाशी उभा राहून त्यानं ऐकली.

"बाबा, काय झालं?" मुलगी म्हणाली.

"काही नाही," मी म्हटलं. पण मी त्या पानावरून हात फिरवत राहिलो. चार घरांचं गाव, आणि त्यांनी एका माणसाची बस त्याला परत दिली होती.

परत आल्यावर, त्या पोरीच्या फोननंतर, मी होडी धरून पलीकडे गेलो. तिचा सराव चालू होता. ती तांडेलची नात, सव्वीस वर्षांची, गळ्यात शिट्टी, डोक्यावर उलटी टोपी. वीस-बावीस मुली त्या ओल्या आभाळावरून धावत होत्या. आणि समुद्राच्या बाजूला, बाजूरेषेपासून बरंच पुढे, एक वल्हं रोवलेलं होतं.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"मी शिकवायला लागल्यापासून. आजोबांनी लहानपणी जागा दाखवलेली ना. ताड आता तोडलाय, तिकडे टॉवर झालाय. मग मी टॉवरचा कोपरा धरते." ती हसली. "लोक चिडवतात मला, वल्हं चुकेल म्हणून. पण काका, आजपर्यंत तरी नाय चुकलं. मला वाटतं त्या दिवशी आजोबांचं लक्ष नसेल."

सरावसामन्याचा दुसरा अर्धा सुरू झाला तसं मी घड्याळ काढलं. मुली खेळत होत्या, पाणी येत होतं. एक लाट वल्ह्याच्या हातभर अलीकडे थांबली. पुढची वितीवर. मग एक पातळशी, फेसाची कड असलेली लाट आली आणि लाकडाला अलगद लागली. तिनं शिट्टी फुंकली. पस्तीस मिनिटं आणि वीस सेकंद झाली होती. माझ्या शेजारी तांडेल उभा असता तर म्हणाला असता, "मग? वाकडी मारायची होती?"

मुलींनी चेंडू गोळा केले आणि चर भरायच्या आत, हसत, बोलत, कोरड्या पायांनी घरी गेल्या.

तिला तिथंच सांगायचं ठरवून गेलो होतो. नाही जमलं. म्हणून हे लिहिलं. यंदाच्या स्मरणिकेत हे जसंच्या तसं, पहिल्या पानापासून जाईल, चौकटीत नाही. छापण्याआधी ती वाचेल. तांडेलचं पाणी त्या दिवशी बरोबर होतं. त्या दिवशीच नव्हे, रोज होतं. वाडीतल्या माणसांनी "वल्हं चुकला" म्हणायचं तर त्यापुढे माझं नाव घ्यावं.

एक प्रसंग राहिला. पन्नाशीची स्मरणिका निघाली त्याच्या दुसऱ्या वर्षी तांडेल अंथरुणाला खिळला. मी भेटायला गेलो, सांगायचंच असं ठरवून. तो ओट्यालगतच्या खोलीत खाटेवर होता. ही नात तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. तिनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "काका, तुमची ती गमतीजमती मी आजोबांना वाचून दाखवली."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बेस लिवलाय."

ती आत गेली. मी खाली मान घातली, आणि मला पाण्याच्या हंड्याखाली, तिवईच्या जागी, तीन दगड दिसले. गुळगुळीत, करडे. ते त्यानं कधी आणले, त्याच संध्याकाळी की दुसऱ्या दिवसाच्या ओहोटीला, कोण जाणे. तीस वर्षं त्या घरातलं माणूस न् माणूस त्यांच्यावरच्या हंड्यातून पाणी पीत होतं. मीही आताच प्यालो होतो.

त्यानं डोळे उघडले. "टायमकीपर?"

"हो, बाबा."

"आज तित कंची?"

"षष्ठी."

त्याचे ओठ हलले. "साडेचारला भरती," तो म्हणाला. "तुजी होडी जाईल. निघ."

मी खाटेच्या कडेला हात ठेवला. वाक्य तयार होतं, होडीत बसल्यापासून घोकत आलो होतो. मी त्याच्या हाताला हात लावला, "येतो" म्हणालो, आणि होडी पकडली. नवव्या दिवशी तो गेला. ते वाक्य माझ्यापाशीच राहिलं. ते असं होतं:

तांडेलबाबा, वल्हं मी हलवलं. तुम्ही दगडांवर उभे होतात तेव्हा मी पंधरा पावलांवर होतो आणि गप्प राहिलो. मला माफ करा.